गुरुवारची इर्जिक

हल्ली दारावर वर्गणीला पोरं येतात. हातात पावतीपुस्तक, आणि मागे मोटरसायकलचं इंजिन चालूच. आकडाही तेच सांगतात. मी दार लावून घेते. घरातले म्हणतात, अगं दे की, कशाला उगाच वाईटपणा! वाईटपणाला मी जन्मात कधी भ्याले नाही. माझं म्हणणं एवढंच, की मागायलासुद्धा रीत लागते. मला ती रीत ज्या बाईने शिकवली तिच्यासमोर ही पोरं उभी राहिली असती, तर तिने आधी त्यांच्या हातात झाडू दिला असता आणि अंगण झाडून घेतलं असतं.

ती बाई म्हणजे आक्का. आकुर्डीच्या जुन्या गावठाणातली. गावात तिला सगळे आक्काच म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. मी लग्न होऊन चिपळूणकडून इथे आले तेव्हा ती साठीच्या घरात असेल. माझा नवरा स्कूटरच्या कारखान्यात टर्नर. आक्काच्या घरामागे पत्र्याच्या चार खोल्या होत्या, त्यातली एक आम्ही भाड्याने घेतली. गावाची जमीन एमआयडीसीत गेली होती. आक्काने जिथे जन्मभर बाजरी खुरपली तिथे आता कारखान्याची भिंत होती, आणि भिंतीपलीकडून दिवसातून तीनदा भोंगा ओरडायचा. जमिनीमागोमाग बैल विकले गेले. गोठा तेवढा राहिला. लांबलचक, दगडी भिंतींचा, वर सागाच्या तुळया. त्यात एक मोडका नांगर, गवऱ्यांचा ढीग आणि आक्काच्या थोरल्या दिरांची दुपारची झोप, एवढाच संसार होता. या दिरांना सगळे तात्या म्हणत. तात्या म्हणजे गावातला शेवटचा शब्द. तो शब्द ते सहसा खाटेवर पडूनच उच्चारायचे.

आमच्या शेजारच्या खोलीत बीडकडची एक बाई राहायची. आम्ही तिला बीडवाली म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात नवरा तापाने गेला, तशी ती सासूला आणि पोटातल्या पोरीला घेऊन इकडे आली. पोर इथेच झाली. जवळच्या एका लहानशा शेडमध्ये तिला काम मिळालं होतं. रबराचे वायसर कापायचे, मोजून पिशवीत भरायचे. बौद्ध समाजाची, बोलायला तिखट आणि कामाला वाघीण. पोर अजून अंगावर पीत होती. दुपारची सुट्टी झाली की ती शेडमधून पळत यायची, उंबऱ्यातच बसून पोरीला पाजायची, एका हाताने भाकरी खायची आणि पळत परत जायची. तिचं ते पळणं बघून मला धाप लागायची.

पोर सांभाळायची सासू. पण गावी धाकट्या सुनेचं बाळंतपण आलं आणि सासूला निरोप आला. संक्रांतीला निघायचं ठरलं. आता पोरीचं काय? शेडमध्ये पोर आणायची नाही, असं शेठने बजावलं होतं. त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही, तिथे सगळीकडे प्रेसचे दात चालू असायचे. काम सोडावं तर खायचं काय? तेव्हा एकच वाट उरली. पोर सासूबरोबर बीडला जाणार.

नळावर पाण्याची वाट बघत बसलो होतो तेव्हा ती मला हे सांगत होती. रडत नव्हती. कळशीच्या काठावरून नख फिरवत म्हणाली, "वर्सातून दोनदा जाईन म्या. लई झालं तर तीनदा. दोन वर्सांनी पोर मला मावशी म्हणंल बगा."

मला तेव्हा मूलबाळ नव्हतं, तरी ते वाक्य मला लागलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला, "आन आमचा गोठा काय फुकाट उभा हाय व्हय?"

आक्का मागे कधी येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळलंच नव्हतं.

गोठ्यात पाळणाघर करायचं हे आक्काने तिथेच ठरवलं. बीडवालीसारख्या आणखीही पाच-सहा बाया आसपास होत्या. कुणी पोराला खाटेच्या पायाला बांधून जायची, कुणी थोरल्या मुलीची शाळा बंद करून तिला घरी बसवायची. पण गोठा म्हणजे गोठा. भिंतींचे दगड सुटलेले, जमीन उखडलेली, कौलांतून आभाळ दिसायचं. खर्च होणार, माणसं लागणार. आमचं महिला मंडळ म्हणाल तर हळदीकुंकवापुरतं. त्याच्या डब्यात वाण लुटण्यापलीकडे काही नसायचं.

बातमी शेडच्या शेठपर्यंत गेली. शेठ माणूस वाईट नव्हता. स्वतः मोटार घेऊन आक्काच्या अंगणात आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आक्का, पैसे मी देतो. मजूर लावा, आठवड्यात काम उरकून टाका. माझं म्हणणं एवढंच, की दारावर एक फलक लावू. 'निराधार महिलांच्या मुलांसाठी.' खाली आमच्या वडिलांचं नाव."

बीडवाली तिथेच उभी होती. मालक समोर आहे हे ती साफ विसरली. "निराधार कामून?" ती म्हणाली. "दोन हात हायेत मला. तुमच्याच प्रेसवर चालतेत की रोज!"

शेठचा चहा बशीतच राहिला. मला वाटलं, गेली हिची नोकरी. पण आक्का अशी काही हसली, की शेठलाही हसावंच लागलं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "शेट, तुमच्या पैशाला मी न्हाई म्हणत न्हाई. पर हे मजूर लावायचं काम न्हवं. ही इर्जिक हाय. माझ्या इर्जिकीत आधी घमेलं, मग पाकीट."

इर्जिक हा शब्द मी कोकणातली असल्यामुळे पहिल्यांदाच ऐकला. आक्काने समजावून सांगितलं. एखाद्याचं शेत नांगरायचं राहिलं, बैल आजारी पडला, घरात माणूस उरला नाही, की गाव आपापले बैल घेऊन त्याच्या शेतावर जातं. दिवसभर काम करतं. मजुरी घ्यायची नाही. ज्याचं शेत त्याने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, बस. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. यात कुणी दाता नाही, कुणी भिकारी नाही. जमिनी गेल्यापासून गावात इर्जिक झाली नव्हती. बैलच नव्हते तर होणार कशी?

पण आक्काचं डोकं इथेच इतरांच्या पुढे होतं. ती घरोघर जायला लागली. मला बरोबर घ्यायची. उंबऱ्यावर टेकायची, चहा घ्यायची, पोराबाळांची चौकशी करायची, आणि उठता उठता विचारायची, "येत्या पौषातल्या पयल्या गुरवारी आमच्याकडं इर्जिक हाय. तुमचा बैल कुठला?"

गुरुवार अशासाठी, की आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. गावकऱ्यांना प्रश्न लगेच कळायचा. नवे आलेले मात्र गडबडायचे. पुण्याच्या पेठेतून आलेल्या एका कारकुनाच्या बायकोने तर घाबरून सांगितलं, "अहो, आम्ही बैल पाळत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो." मग आक्का समजावून सांगायची, की तुमच्याकडे जे काम करणारं असेल तो तुमचा बैल. कुणाचे हात, कुणाचं अवजार, कुणाची वेळ. त्या बाईचा बैल निघाला शिवणयंत्र. तिने पुढे इतकी दुपटी शिवून दिली, की पोरं कमी पडली.

मी इतकी वर्षं वेगवेगळ्या मंडळांत काढली, पण यासारखा प्रश्न मी दुसरा ऐकला नाही. "काय देता?" असं विचारलं की माणूस खिसा चाचपतो आणि मनातल्या मनात आकडा कमी करतो. "तुमचा बैल कुठला?" असं विचारलं की तो स्वतःकडे बघतो. आपल्याकडे काहीतरी आहे, हे त्याला आधी कळतं. माझ्या नवऱ्याला तर दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कंपनीत परदेशी यंत्रं येतात, त्यांची लाकडी खोकी मोडून पडलेली असतात. साहेबाला विचारतो. मला सुतारकाम येतं, तुला माहीत नाही." मला खरंच माहीत नव्हतं. त्याने त्या खोक्यांचे बुटके पलंग केले, आणि उरलेल्या फळ्यांचा एक डुगडुगता घोडाही.

माझा बैल आक्कानेच ठरवला. मी नळावर भांडले की आवाज पार स्टेशनापर्यंत जातो, अशी माझी ख्याती होती. आक्का म्हणाली, "तुजा बैल तुजा आवाज. लोकं गोळा करायचं काम तुजं." ते मी मन लावून केलं. फर्स्ट शिफ्टवाल्यांना संध्याकाळी गाठायचं, सेकंडवाल्यांना सकाळी. नाइटवाल्यांना झोपू द्यायचं आणि त्यांच्या बायकांना गाठायचं. कुणी "बघू" म्हणाला की मी त्याच्या दारातच उभी राहून विचारायची, "बघू म्हणजे येऊ का नको?" सबंध आळी बघायला लागली की तो "येतो, येतो" म्हणायचा. लाज ही फार कामाची गोष्ट आहे, फक्त तिला हाक मारणारं कुणीतरी लागतं.

बीडवालीने आपला बैल स्वतःहून सांगितला. "म्या झाडीन रोज. पोरांची दुपटी धुईन."

आक्का एकदम तडकली. "झाडायचं पाळीपाळीनं. दुपटी ज्याची त्यानं धुवायची. त्यो तुजा बैल न्हवं." मग तिने विचारलं, "ही इर्जिक कुणाची हाय?"

"तुमची. गोठा तुमचा."

"गोठा माझा. नड तुजी. ज्याची नड त्याची इर्जिक. म्हंजे तुजी. आन मग जेवायला कुणी घालायचं?"

बीडवाली तिच्याकडे बघतच राहिली. मीही. हा चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा सुमार. कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळे ताटाला ताट लावून जेवत होते, ते खरं. पण कँटीनची ती रीत गेटबाहेर कुणी आणत नव्हतं. गावठाणात बीडवालीला आक्काच्या खोल्यांत जागा मिळाली होती यावरच पुष्कळांनी नाकं मुरडली होती. तिच्या हातचा चहा घेणाऱ्या आम्ही भाडेकरणी आणि एकटी आक्का.

"तुमचं गाव खाईल व्हय माझ्या हातचं?" बीडवालीने विचारलं.

"खातंय का न्हाई ते बघू."

"बघू न्हाई, आक्का." तिचा आवाज खाली आला होता. "खाल्लं तर ठीक. न्हाई खाल्लं, तर माझी पोर म्या तिथं ठेवणार न्हाई. माझ्या हातचं चालत न्हाई तिथं माझी पोर कशी चालंल? त्यापरीस जाऊ दे तिला बीडला. तिथं निदान कुणी तिला हातभर लांब बसवायचं न्हाई."

आक्काने होकाराची मान हलवली. मला त्या रात्री तिचा राग आला. एवढी सोय होत होती, पोर आईजवळ राहत होती, त्यात ही परीक्षा कशाला घालायची? गुपचूप दार उघडावं, पोर आत घ्यावी, कोण बघतंय! नवऱ्याजवळ मी तसं बोलले, तर तो म्हणाला, "पोरीला कळत नाही, पण आईला कळतं ना." तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले.

गुरुवार उजाडला. एवढी माणसं येतील असं मलाच वाटलं नव्हतं. गावकरी आले, खोल्यांमधले आले, कॉलनीतले आले. कुणी थापी घेऊन, कुणी ओळंबा घेऊन, एक वेल्डर तर खिडकीचे गज घेऊनच. शेठ पांढऱ्याशुभ्र सफारीत आला. आक्काने न बोलता त्याच्या हातात घमेलं दिलं. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग बाह्या वर केल्या. दोन-चार खेपांनंतर सफारीचा रंग गेला आणि शेठ रांगेतल्या माणसाला "राव, जरा पटापट द्या की," म्हणायला लागला. दुपारपर्यंत त्याने आपला टेंपो बोलावून शहाबादी फरशी मागवली. पाकीट त्याने पुढे उघडलंच, आणि कबूल केलं होतं त्याहून जरा जास्तच उघडलं. फलकाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. आपण घाम गाळलेल्या भिंतीवर आपलं नाव लिहायची गरज माणसाला वाटत नसावी.

सकाळी कामाला हात लावण्याआधी मी सगळ्यांना चहा दिला होता. चहाबरोबर बटर, ते कडक गोल. तात्या देखरेखीला खाट टाकून बसले होते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अंगणाच्या कडेला तीन दगडांची चूल मांडून बीडवाली स्वयंपाकाला बसली होती. ज्वारी आम्ही भाडेकरणींनी मिळून घातली होती. तिच्या सासूने डब्यातून येसर काढून दिलं. हे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, त्याची त्यांच्याकडे लग्नाकार्यात आमटी करतात. ती आमटी उकळायला लागली तशी गोठ्यावरची कौलं चाळणारी माणसंसुद्धा खाली बघायला लागली. काय तो वास! मी कोकणातली, मला नारळाशिवाय आमटी ठाऊक नाही, तरी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बीडवालीच्या भाकरी तर ताटाबाहेर जातील एवढ्या. थापताना ती मधूनच मान वर करून माणसांकडे बघायची. पोर सासूच्या मांडीवर होती.

आक्काने हाळी दिली, "चला, पंगत बसवा!"

शेठ बसला. माझा नवरा बसला. कॉलनीतले, खोल्यांमधले बसले. गावकरी मात्र हात धुऊन भिंतीशी उभेच. आक्काने तात्यांकडे बघितलं. तात्या खाटेवरून म्हणाले, "आज गुरवार न्हवं का? माजा उपास हाय."

झालं. एकामागून एक सगळ्यांना उपास आठवले. "माझा बी हाय." "माझा दत्ताचा." एकाचा तर म्हणे नवसाचा होता. मार्गशीर्ष असता तर बायकांचं मी समजू शकले असते. पण मार्गशीर्ष संपून पौष लागला होता, आणि उपास लागले होते ते मिशीवाल्या पुरुषांना. तात्यांचा उपास एकादशीचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्या दिवशी दत्तगुरूंना आकुर्डीत एकदम एवढे भक्त मिळाले, की त्यांनाच आश्चर्य वाटलं असेल.

बीडवालीला सगळं कळलं. तिने पळी पातेल्यावर आडवी ठेवली, पदराला हात पुसले आणि सासूकडे जाऊन पोर उचलली. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. राग असता तर बरं वाटलं असतं. तिने आपलं मोजमाप करून पाहिलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं, असा चेहरा. ती खोलीकडे वळली.

आक्का तिच्या वाटेत उभी राहिली. मला वाटलं, आता ही गावाला चार शब्द सुनावणार. तिने विचारलं, "भगर येती का ग करायला?"

"काय?"

"भगर. उपासाची."

"न्हाई येत," बीडवाली फटकन म्हणाली. "आमी उपासतापास सोडलेत कवाच."

"मग चुलीपाशी चल. मी सांगते, तू कर. इर्जिक तुजी हाय. तुज्या दारातनं इतकी माणसं उपाशी गेली तर बोल तुला लागंल, गावाला न्हाई." आणि भिंतीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "उपास हाय त्यांनी जाऊ नगा. भगर टाकतीया ती."

भिंतीजवळ चुळबुळ सुरू झाली. आता सुटायला वाट कुठली? उपासाला भगर चालते, हे नाकारणार कसं? दोघे मागच्या मागे निघून गेले. ते पुढेही कधी आमच्याकडे जेवले नाहीत, तेही सांगायला हवं. बाकीचे तात्यांकडे बघत राहिले. तात्यांनी घसा खाकरला. "माजा निरंकार हाय. पानी बी घेत न्हाई मी."

आणि इथे माझा बैल उधळला. मी ठरवून काही केलं नाही. माझं तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले, स्टेशनापर्यंत जाणाऱ्या आवाजात: "तात्या, निरंकार हाय तर मग सकाळी माझ्या चहात बुडवून बटरं कुणी खाल्ली?"

थोरल्या माणसाला असं बोलायचं नसतं, मला माहीत आहे. नवऱ्याने ताटावरच डोळे मिटले. मग भिंतीजवळून कुणीतरी फुसकन हसला, आणि तिथून हसू पसरत गेलं. तात्या नाही हसले. ते खाटेवरून उठले, अंगण ओलांडून आले आणि पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले. "आना," एवढंच म्हणाले. त्यांच्यामागून बाकीचे गुमान येऊन बसले.

बीडवालीने भगर वाढली. पोर तिच्या कडेवरच होती, खाली ठेवायला ती तयार नव्हती. तात्यांच्या पानावर वाढताना तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वाढलं आणि सरळ उभी राहिली. तात्यांनी घास घेतला. चावला. गिळला. सबंध अंगण त्यांच्या घशाकडे बघत होतं.

"ह्यात मीठ न्हाई," तात्या म्हणाले.

"मला वाटलं, उपासाला मीठ चालत नसंल," बीडवाली म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत त्यांनी तिला कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग त्यांच्या मिश्या हलायला लागल्या. म्हातारा हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि बीडवालीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्यांनी घेतला. घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि भगरीचं पान बाजूला सारून म्हणाले, "मोडला उपास. सकाळीच मोडला व्हता, ही चिपळूनची बया खोटं न्हाई बोलत. ती तुजी आमटी आन आता, कवाधरनं वास मारतीया."

मग कुणाचाच उपास राहिला नाही. येसरची आमटी पातेलं खरवडून संपली. शेठने तीन भाकरी खाल्ल्या, आणि माझ्या नवऱ्याने किती खाल्ल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. आक्का सगळ्यात शेवटी बसली, बीडवालीच्या शेजारी, एकाच ताटात.

पुढे आक्काच्या त्या प्रश्नावर आमच्या मंडळाने काय काय केलं! खंडोबाच्या माळावरच्या शाळेला पाण्याची टाकी बांधली, बाळंतिणींना दवाखान्यात न्यायला दर आठवड्याला एकेकाची गाडी राखून ठेवली, टाळेबंदी झाली तेव्हा कामगारांच्या घरी धान्य पोचवलं. दरवेळी इर्जिक, दरवेळी ज्याची नड त्याच्या हातचं जेवण. त्या जेवणाला कुणी कधी उपास सांगितला नाही. आक्का गेली तेव्हा तिच्या मागे बांधकामं, फलक, फोटो असलं काही नव्हतं. पण तिच्या तेराव्याला ताटं पुरेनात, आणि मी त्या दिवशी जेवढी रडले तेवढी माझ्या आईलाही रडले नसेन.

पण मला सांगायचा आहे तो त्या गुरुवारचाच शेवट. उन्हं उतरली. गोठ्याची नवी फरशी अजून ओली होती, म्हणून कडेने फळ्या टाकल्या होत्या. माणसं पांगत होती. पोर बीडवालीच्या खांद्यावर झोपली होती. ती आक्कापाशी आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "झोळी कुठं बांधू?"

आक्का काही बोलायच्या आत तात्या उठले. फळीवरून चालत आत गेले आणि मधल्या तुळईखाली थांबले. "हितं. हितं वारं बी येतंय." बीडवालीने जुन्या लुगड्याची झोळी तुळईवरून टाकली आणि गाठ मारली. तात्यांनी गाठ ओढून पाहिली. "ही सुटंल," म्हणाले. तिची गाठ सोडून त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली, बैलाचं दावं बांधतात तशी पक्की, आणि दोन्ही हातांनी झोळीला लोंबकळून पाहिलं. मग बाजूला झाले. बीडवालीने पोर आत ठेवली.

संक्रांतीला सासू बीडच्या एसटीत बसली. एकटीच.